अण्णांचं विमान, अक्कांकडची किल्ली

धड वस्तू फेकून देणं हा माझा धंदा होता. टायर गुळगुळीत व्हायच्या आत काढायचा, नळी फुटायच्या आत कापायची, नटातली पिन एकदा वाकवली की दुसऱ्यांदा वापरायची नाही. फेकलेल्या ढिगाकडं बघून कुणीही विचारावं, अहो, हिला काय झालंय? आणि खरंच तिला काही झालेलं नसायचं. काही व्हायच्या आत काढली म्हणून झालं नाही, हे सांगता सांगता माझे केस गेले. आमच्या दुबलगुंडी गावात तर ते अजून कुणाला पटलेलं नाही. इथं पाण्याची मोटर धूर सोडेपर्यंत चांगली असते आणि धूर सोडल्यावर दुरुस्त होते.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, विमानांच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. गमती आठवायला बसलो तर ज्यांच्या गमती होत्या ती माणसंच आठवत राहिली आणि थकल्यासारखं झालं. तरी लिहितो. सणाच्या अंकाला नाही म्हणू नये.

मी हवाई दलात विमानांच्या अंगाचं काम करायचो. अंग म्हणजे पंख, चाकं, शेपूट, तारा. तिथून निवृत्त झाल्यावर परीक्षा देऊन खासगी विमानांच्या देखभालीचा परवाना घेतला, एका उड्डाणशाळेत बरीच वर्षं काढली आणि शेवटी गावी येऊन राहिलो. गावात मला विमान मिस्त्री म्हणतात. हॉटेलात हमखास प्रश्न येतो, "मिस्त्री, तुमी कवा चालवलाव का विमान?" नाही चालवलं. ते आज चालवायचं की नाही, एवढंच मी सांगायचो. तपासणी झाली की मी सही करायची, सही झाली की विमान उडायचं.

मोठ्या कंपनीत हे सोपं असतं. तिथं तपासणारा वेगळा, चालवणारा वेगळा, मालक तर कुठल्या शहरात बसलाय हेही ठाऊक नसतं. लहान खासगी विमानाचं तसं नाही. तिथं मालक तोच, चालक तोच, आणि ज्याच्या पगारावर आपलं घर चालतं त्यालाच सकाळी सकाळी तोंड वर करून सांगायचं की अण्णा, आज उडू नका. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

हे अण्णा म्हणजे शिवराजअण्णा. कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातले, खजुरीकडचे. तूरडाळीची मिल, काळीभोर जमीन आणि हौस दांडगी. पन्नाशी उलटल्यावर लोक गुडघ्यांना तेल चोळतात, हे विमान शिकले. दुसऱ्यानं वापरलेलं एक विमान घेतलं, चार माणसांचं, एका इंजिनाचं. स्वतःच्या रानात मुरूम दाबून धावपट्टी केली, परवानग्यांसाठी चपला झिजवल्या, पत्र्याचं शेड उभारलं आणि मला बोलावलं.

पहिल्या दिवशी शेडमध्ये गेलो तर पंखाखाली तुरीच्या पोत्यांची थप्पी. मी विचारलं, हे काय?

अण्णा म्हणाले, "एवढी जागा रिकामी कामून ठिवायची? पंखाखाली सावली बी हाय."

तुरीला उंदीर येतात, आणि पोट भरलं की उंदरांना दात घासायला तारा लागतात. विमानाच्या पोटातल्या निम्म्या तारांवरचं आवरण कुरतडलेलं होतं. मी पोती हलवा म्हणालो. अण्णांनी पोती हलवली नाहीत, दोन मांजरं आणली. मांजरांनी मागच्या सीटवर पिल्लं घातली. मग अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, एकदा शेडमध्ये आल्या, त्यांनी सगळं बघितलं आणि मिलच्या माणसांना सांगून पोती, मांजरं, पिल्लं सगळं संध्याकाळपर्यंत हलवलं. अण्णांना काही बोलल्या नाहीत. अक्का कमी बोलायच्या.

दुसरी गंमत काशप्पाची. काशप्पा मिलचा फिटर, हाताला वळण असलेला माणूस. एकदा मी गावी असताना विमानाच्या पुढच्या चाकाचा एक बोल्ट त्याला जुना वाटला, म्हणून त्यानं बाजारातून आणून नवा बसवला. मला मोठ्या कौतुकानं दाखवला. "साईज तीच हाय बगा. उलट आमचा जास्त चमकायलाय." विमानाचा बोल्ट वेगळ्या धातूचा असतो, त्याच्या डोक्यावर खुणा असतात. जास्त ताण आला तर तो आधी वाकतो, बाजारचा बोल्ट न वाकता तुटतो. वाकलेला दिसतो, तुटायला टेकलेला दिसत नाही. हे काशप्पाला मी समजावलं आणि त्याला ते पटलंही. अण्णांना पटलं नाही. ते म्हणाले, माझ्या मिलमधी ह्याच बोल्टवर दहा वर्सं पट्टा फिरायलाय. मी म्हणालो, मिल जमिनीवर आहे. त्यावर ते मनापासून हसले आणि मला पोटभर जेवू घातलं. अण्णांशी भांडण असं व्हायचं. त्यामुळं नोकरी सोडावीशी वाटली तरी घर सोडवत नसे. माझी पोरगी बाळंतपणाला आली तेव्हा अक्कांनी खजुरीहून डिंकाचे लाडू पाठवले होते. त्यांना सख्खा भाऊ नव्हता, मला भाऊ करून घेतलं त्यांनी.

मग रबरी नळ्यांचा तंटा आला. इंजिनाकडं पेट्रोल आणि तेल नेणाऱ्या रबरी नळ्यांना ठरावीक वर्षांचं आयुष्य असतं, विमान उडो की न उडो. अण्णा महिन्यातून दोन-तीनदाच उडायचे. त्यांचा प्रश्न साधा होता. "वापरलंच न्हाई तर झिजलं कसं?"

कुकरची रिंग कपाटात ठेवली तरी कडक होतेच की, मी म्हणालो. उभं असलेलं यंत्र चालत्यापेक्षा लवकर बिघडतं. तेल खाली उतरतं, आतला लोखंडी भाग उघडा पडतो, गंज धरतो. नळ्यांबरोबर मी आणखी एक गोष्ट बदलायला सांगितली होती. चालकाच्या पुढ्यातल्या, वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांच्या पाटीखाली एक लाल खुंटी असते. घड्याळांना बाहेरची हवा मिळाली नाही तर ती ओढून आतली हवा द्यायची, अशी सोय. अण्णांच्या विमानातली खुंटी गंजून घट्ट बसली होती आणि तिची दांडी तडकली होती.

"आजवर कवा लागली का ती खुंटी?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते मी इतक्या मालकांना इतक्यांदा दिलं होतं की त्या दिवशी ते तोंडातून निघेना. मी सही करणार नाही, एवढंच म्हणालो. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, तुमी भ्यायलाव. वय झालं तुमचं." मी माझी पान्ह्यांची पेटी उचलली आणि आळंदच्या बसची वाट बघत रस्त्यावर उभा राहिलो. काशप्पा पेटी धरायला आला.

पुढं कानावर आलं की अण्णांनी लांबचा कुणी परवानेवाला गाठलाय. तो विमानाजवळ येतच नाही. काशप्पानं मोबाईलवर फोटो काढून पाठवायचे, त्यानं तिकडून सही करायची. फोटोत नळी छान दिसते. नळीचा वास, तिचा कडकपणा, दाबल्यावर निघणारी बारीक भेग फोटोत येत नाही. पण मी कोण सांगणार. वर्षभर त्या घरातून मला फोन आला नाही, मीही केला नाही. बायको म्हणायची, तूच कर. नाही केला.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ज्याचं जे हत्यार. मिलमध्ये मोटारी, काटे, ट्रक, ट्रॅक्टर सगळ्यांना हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. अण्णांकडं विमानही पुजलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याच विमानातून सीमोल्लंघन व्हायचं. खजुरीहून महाराष्ट्राची हद्द जवळ. अण्णा अक्कांना घेऊन उडायचे, हद्द ओलांडून वळसा घालून परत यायचे, मग खाली जमलेल्यांना बन्नीची पानं, म्हणजे आमच्याकडचं सोनं, वाटायचे. बाकीचे लोक शेताचा बांध ओलांडतात, अण्णा राज्य ओलांडायचे. हा त्यांचा अभिमानाचा विषय होता, आणि खरं तर मलाही ते आवडायचं.

मी पूजेला कधी नको म्हणालो नाही. माझ्या घरीही पान्ह्यांना हळदकुंकू वाहतातच. मी फक्त काही गोष्टी बघायचो. नारळ इंजिनाच्या पंख्यापासून लांब फोडायचा, आरती शेडबाहेर करायची, आणि विमानाच्या डाव्या कुशीवरची चकती झाकायची. ही चकती रुपयाच्या नाण्याएवढी असते, तिच्यात बारीक भोक. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो आणि त्यावर उंचीचं, वेगाचं आणि चढ-उताराचं अशी तीन घड्याळं चालतात. घाट चढताना आपल्या कानाला दडे बसतात ना, तसं ते भोक बुजलं तर घड्याळांना बाहेरचं काही कळत नाही. आमच्या रानात कुंभारीण माशी असल्या भोकात अर्ध्या दिवसात मातीचं घर करते. म्हणून विमान उभं असलं की मी त्यावर लाल चिकटपट्टी लावायचो, आणि उडताना काढायला विसरू नये म्हणून तिला लांब लाल फीत सोडायचो.

अण्णांना ती पट्टी कशासाठी आहे हे मी दहादा सांगितलं होतं. अक्कांना ते कुणी सांगितलं नव्हतं. चकचकीत पांढऱ्या विमानावर एक लाल पट्टी, तिला लाल फीत. त्यांच्या लेखी ती पूजेचीच होती, आणि टिळा लावायची जागाही तीच. दरवर्षी त्या पट्टीवर अंगठ्यानं गंध लावायच्या, वर कुंकू. उडायच्या आधी मी पट्टी काढायचो, गंध पट्टीबरोबर जायचं.

त्या वर्षी मी नव्हतो. पट्टीही नव्हती. अक्कांनी टिळा नेहमीच्या जागी लावला.

दसऱ्याच्या सकाळी मी दारात स्कूटर पुसत होतो. फोन वाजला, अक्कांचं नाव. कानाला लावला तर इंजिनाची घरघर.

"भाऊ, आमी वर हाव. ह्येनी म्हणायलेत विमान पडायलंय."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. कढी उतू जायलीय म्हणाव्यात तसा. मी म्हणालो, फोन मोठ्या आवाजावर टाका. मग अण्णांचा आवाज आला, आणि तो मात्र त्यांचा वाटेना.

"मिस्त्री, वेगाचा काटा शून्यावर आलाय. वर घेतलं की शून्य. खाली घेतलं की जरा जगायलाय."

"उंचीचा काटा?"

"हालेना. म्हणायलाय आपण धावपट्टीवरच हाव."

"इंजिनाचा आवाज कसाय?"

"रोजच्यासारखा."

मला कळलं. भोक जमिनीवरच बुजलं होतं, त्यामुळं नळीत जमिनीवरचा दाब अडकून पडला होता. विमान वर जाईल तसा वेगाचा काटा खोटं बोलत शून्याकडं जाणार, खाली आलं की थोडा खरं बोलणार. विमान व्यवस्थित उडत होतं. पण अण्णा काट्यावर विश्वास ठेवून खाली खाली येत होते, तुरीच्या शेंड्यांवरून चालले होते. फोन लागला तोही त्यामुळंच. आणि त्या बाजूला मोठ्या खांबांची विजेची लाईन आहे, हे मला माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलं आठवत नाही.

"अण्णा, काट्याकडं बघू नका. वर घ्या."

"वर घेतो आन् पडलो म्हंजे?"

"पाटीखालची लाल खुंटी ओढा."

खुडबुड ऐकू आली. "निघाली," अण्णा म्हणाले.

"शाब्बास."

"हातात निघाली, मिस्त्री."

एकच उपाय उरला होता. तिन्ही घड्याळं एका नळीवर असतात. एकाची काच फोडली की विमानातली हवा नळीत शिरते आणि तिन्ही पुन्हा खरं सांगू लागतात. त्यातलं चढ-उताराचं घड्याळ नसलं तरी चालतं, म्हणून फोडायचं ते. हे सगळं मी त्यांना नंतर सांगितलं. त्या वेळी एवढंच म्हणालो, चढ-उताराच्या घड्याळाची काच फोडा.

"चांगलं घड्याळ हाय ते," अण्णा म्हणाले.

मी जन्मात कुणावर ओरडलो नाही. त्या दिवशी भर रस्त्यात ओरडलो. "अक्का, तुम्ही फोडा."

अक्कांच्या मांडीवर पूजेचं ताट होतं, ताटात पितळी घंटा. कुठलं घड्याळ हे त्यांनी अण्णांना एकदाच विचारलं. मग टक् झालं, परत टक्, आणि तिसऱ्यांदा काच फुटल्याचा आवाज आला. अक्का म्हणाल्या, "वेगाचा काटा वर उसळला भाऊ." मागून अण्णा मोठ्यानं वेग वाचायला लागले, शाळेत पाढे म्हणावेत तसे. वेग हवा त्यापेक्षा जास्तच होता. मी म्हणालो, आता वर घ्या. त्यांनी वर घेतलं आणि फोन तुटला.

त्यापुढचा वेळ मला नीट सांगता येणार नाही. मी परत लावत होतो, लागत नव्हता. वर गेले म्हणून लागत नसेल, असं मी बायकोला सांगितलं. दुसरं कारणही असू शकतं हे तिलाही कळलं. शेवटी अक्कांचाच फोन आला. "उतरलाव," म्हणाल्या. मी तिथंच पायरीवर बसलो.

दुपारी पुतण्याच्या गाडीतून खजुरीला गेलो. धावपट्टीवर गर्दी, हातात बन्नीची पानं, जो तो म्हणतोय देवीनं वाचवलं. मी सरळ विमानाच्या डाव्या बाजूला गेलो. चकतीवर गंध वाळून दगड झालं होतं, त्यावर कुंकू, आणि कुंकवात अंगठ्याचा ठसा स्वच्छ. अण्णा मागं येऊन उभे राहिले. मी बोट ठेवून दाखवलं. लपवलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं असतं.

"कुणी लावलंय हे?" अण्णांच्या धाकट्या भावानं विचारलं.

"मी," अक्का म्हणाल्या.

"म्हणूनच मी सांगायलतो, बायकांचं काय काम विमानापाशी."

गर्दीतल्या दोन-चार माना हलल्या. अण्णा काही बोलले नाहीत, आणि त्यांचं ते गप्प बसणं मला फार लागलं. आमच्या धंद्यात अपघात झाला किंवा होता होता राहिला तर शेवटचा हात शोधत नाहीत. त्याच्याआधी किती जणांनी काय काय करायचं राहिलं, ते मागं मागं जात बघतात. मी त्या सगळ्यांसमोर तेच सांगितलं. पट्टी लावायची होती, लावली नाही. उडण्याआधी विमानाला फेरी मारून हात लावून बघायचं असतं, मुहूर्त चुकेल म्हणून बघितलं नाही. ज्यानं सही केली त्यानं विमान डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि एवढं सगळं चुकल्यावरही खुंटी धड असती तर काच फोडावी लागली नसती.

धाकटा भाऊ म्हणाला, "आसंल. पण गंध तर वहिनीनंच लावलं की."

अक्का माझ्याकडं वळल्या. "भाऊ, ती खुंटी कवा मोडली?"

मी अण्णांकडं बघितलं. मग सांगितलं, "वर्ष उलटून गेलं."

"ह्येन्ला ठाव होतं?"

उत्तर अण्णांच्या तोंडावरच होतं. अक्का अण्णांकडं बघत राहिल्या. सकाळी एवढं सगळं होऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आत्ता आलं. "माझा अंगठा तेवढा दिसला सगळ्याला," एवढंच म्हणाल्या. आणि हात पुढं केला. "किल्ली हिकडं द्या."

लहान विमानालाही गाडीसारखी किल्ली असते. अण्णांनी खिशातून काढून दिली. अक्कांनी ती कमरेच्या पिशवीत टाकली आणि घराकडं चालायला लागल्या.

तेव्हापासून अण्णांना उडायचं असलं की किल्ली अक्कांकडं मागावी लागायची, आणि अक्का आधी मला फोन करायच्या. "भाऊ, देऊ का?" मी परत कामाला लागलो. नळ्या बदलल्या, खुंटी नवी बसवली, पुढं इंजिनही उघडलं. अण्णा कुरकुरायचे, पण करायचे. मी 'द्या' म्हणालो की किल्ली मिळायची, 'नको' म्हणालो की मिळायची नाही, आणि वाद माझ्याशी घालायचा, अक्कांशी नाही, असा नियमच पडून गेला. कामाच्या शेवटच्या वर्षांत मला एवढा मान कुणी दिला नव्हता. पण खरं सांगायचं तर ओझंही झालं. सही करून घरी आलं की सही कागदावर राहते. ही सही मी फोनवर तोंडानं देत होतो आणि ती माझ्याबरोबर घरी येत होती. मुंबई-हैदराबादेकडचे मालक विमान घेतात, हौस फिटली की विकतात. अण्णांची हौस फिटत नव्हती आणि मी म्हातारा होत होतो.

अण्णाही होत होते. गेल्या दसऱ्याआधी त्यांनी मला बोलावलं. विमानाची वार्षिक तपासणी मी पंधरवडाभर बसून केली. इतकं धड विमान माझ्या हाताखालून क्वचित गेलं असेल. मग इंजिन तापवून जमिनीवरच एक फेरी मारू म्हणून अण्णांच्या शेजारी बसलो. अण्णांनी मला विचारलं, पेट्रोल किती भरलंय. मी सांगितलं. थोडं पुढं गेल्यावर परत विचारलं. वळताना तिसऱ्यांदा. दिव्यांचं बटण वर्षानुवर्षं जिथं होतं तिथं त्यांचा हात गेला नाही, ते शोधत राहिले आणि मग माझ्याकडं बघून हसले. वैमानिकाचीही तपासणी ठरलेली असते, डॉक्टर करतो. अण्णांकडं डॉक्टरचा कागद होता. तो डॉक्टर त्यांच्या शेजारी विमानात बसला नव्हता.

मी उतरलो. जेवलो. अक्कांनी भाकरी वाढली, अण्णा सीमोल्लंघनाचं बोलत होते. त्या पंगतीत मला बोलता आलं असतं. तोंड उघडलं नाही, कारण समोर तो माणूस बसला होता, ज्यानं मला इतक्या वर्षांत कधी उपाशी जाऊ दिलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी फोन आला. "भाऊ, देऊ का?"

"विमान एकदम ठीक आहे, अक्का."

अक्का म्हणाल्या, "विमानाचं इचारायले न्हाई मी. ह्येन्चं इचारायले."

म्हणजे त्यांनाही दिसत होतं. घरात त्यांना माझ्या आधी दिसलं असणार. पण नवऱ्याला असं तोंडावर सांगायचं कसं, म्हणून त्या माझ्या शब्दासाठी थांबल्या होत्या. आयुष्यभर मी यंत्रं तपासली. माणसाचा निकाल कुणी कधी मला विचारला नव्हता आणि द्यायची माझी तयारी नव्हती.

"देऊ नका," मी म्हणालो. "मी नको म्हणालो असं सांगा."

थोड्या वेळानं अण्णांचा फोन आला. ओरडले नाहीत. "विमानाला पास केलाव आन् मला नापास?"

"व्हय अण्णा."

"कामून?"

मला कारण सांगता आलं असतं. पेट्रोलचा प्रश्न तीनदा विचारला, हे सांगता आलं असतं. ज्या माणसाला ते आठवत नव्हतं त्याला ते सांगून काय करणार होतो. शेवटी अण्णांनी फोन ठेवला.

त्यानंतर अण्णा माझ्याशी बोललेले नाहीत. विमान विकायला काढलंय असं काशप्पा सांगतो. अक्का मात्र सणावाराला फोन करतात. मी विचारतो, अण्णा कसे आहेत. त्या सांगतात, बरे हायत, जेवायला बसले की रोज तुमाला शिव्या घालत्यात, तुमी त्येंचं सीमोल्लंघन मोडलाव म्हणून. बाकी बरंच विसरत्यात, पण हे न्हाई विसरत.

मी म्हणतो, घालू द्या अक्का. रोज घालू द्या.